हिमोग्लोबिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवण्याआधी

सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी तपासणी. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही, चहा-पोळी खाऊन गेलात तरी चालतं. सोबत साखर किंवा आयर्नची तपासणी असेल, तर किती तास पोट रिकामं हवं ते लॅबला आदल्या दिवशीच विचारा आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीवर आपलंच नाव आहे ना, हे खुर्चीतून उठण्याआधी बघा.

रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनच्या आकड्यावर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गरोदर नसलेल्या बाईला १२ आणि पुरुषाला १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. गरोदरपणात सुरुवातीला ही रेघ ११ वर येते. एचबीएवनसी हा आकडा मात्र साखरेचा, त्यावरून रक्त कमी आहे की नाही ते कळत नाही.

आता एमसीव्ही शोधा, म्हणजे लाल पेशींचा आकार. तो साधारण ८० ते १०० असतो. १०० च्या वर असेल तर बी-१२ बद्दल विचारा. ८० च्या खाली असेल तर बहुतेकदा लोह कमी असतं, पण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा सौम्य प्रकार, त्यातही पेशी लहानच दिसतात. म्हणून एमसीव्हीला आरबीसीच्या, म्हणजे लाल पेशींच्या संख्येच्या, आकड्याने भागून बघा. उदाहरणार्थ, ६५ भागिले ५.६ म्हणजे ११.६; १३ च्या खालचं उत्तर मायनरकडे बोट दाखवतं. हा नुसता अंदाज, खात्री फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार) या तपासण्यांनीच होते. लग्न ठरत असेल, मूल हवं असेल, तर एचपीएलसी टाळूच नका, कारण नवरा-बायको दोघांनाही थॅलेसेमिया मायनर असला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते.

फाइलमध्ये जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. पाळीत दिवसाला किती पॅड लागतात, शौच काळं होतं का, वेदनाशामक गोळ्या किती घेता, सगळं लिहून ठेवा. नुसतं 'थकवा' लिहू नका, 'दादरचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं' असं लिहा. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर फाइल राहू द्या, थेट इस्पितळ गाठा.

डॉक्टरांना आधी विचारा, रक्त कमी कशामुळे झालं? मग गोळ्या किती दिवस, तेही विचारा. हिमोग्लोबिन वर आलं तरी लोहाचा साठा भरायला साधारण तीन महिने लागतात.