गल्लीतलं ऊन मोजायचं कसं : तीन विषयांचा एक रिसर्च, मुक्काम इंदूर

खगोलशास्त्र, वस्तीचं आर्किटेक्चर आणि मानवाधिकार कायदा अशा तिन्हीवर मिळून रिसर्च करतेय म्हटलं की आमच्याकडे इंदूरात लोक आधी पोह्याची प्लेट खाली ठेवतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय गं? मलाही पहिलं वर्षभर सांगता येत नव्हतं. आता येतं, म्हणून हे लिहितेय, कारण अजून दोघी-तिघी याच वाटेनं निघाल्यात आणि त्याच खड्ड्यात पडतायत.

पहिलं म्हणजे तीन विषय "जोडायला" जाऊ नका. जोडायला गेलात की प्रपोजलमध्ये तीन चॅप्टर होतात आणि तिघांची एकमेकांशी ओळखच नसते. त्यापेक्षा अशी एक साधी वस्तू शोधा जिच्यावाचून तिघांचंही अडतं. मला सापडली ती ऊन. डिसेंबरात गल्लीतल्या घरात ऊन येतं का, किती वेळ येतं, आणि येत नसेल तर कुणाला जाब विचारायचा. सूर्य कुठे असेल हे खगोलशास्त्र सांगतं, भिंत कुठे आहे ते आर्किटेक्चर, आणि तो उजेड तुमचा हक्क आहे की नुसतं नशीब ते कायदा.

जागा निवडताना लांब जायची गरज नाही. इंदूरात अरण्य ही वसाहत आहेच, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेली, साधारण साडेसहा हजार प्लॉटची, सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. १९९५ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि रिक्षावाल्याला "अरण्य" कळलं नाही तर स्कीम ७८ सांगा. तिथली कल्पना अशी की गरिबाला प्लॉट, जोतं, नळ, संडास एवढं द्यायचं आणि पुढचं घर त्यानं जमेल तसं वाढवायचं. कल्पना मला अजूनही आवडते, पण माझा सगळा प्रश्न नेमका त्या "वाढवायचं"मध्येच आहे, ते खाली येईल.

आता मोजमाप. यात मी सपशेल आपटले होते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक मीटरची सरळ काठी घ्या, सपाट जागी उभी करा, ओळंब्यानं तपासा. इंदूरचं अक्षांश २२.७ अंश, त्यामुळे २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो आणि काठीची सावली १ मीटर ४ सेंटीमीटर पडते. २१ जूनला तीच सावली सव्वा सेंटीमीटरच्या आसपास, आणि तीही दक्षिणेला, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे. पण मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत! भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७५.९ वर, म्हणजे आपला सूर्य २६-२७ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, २२ डिसेंबरला १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास. मी पहिल्या हिवाळ्यात बाराच्या ठोक्याला सावली आखून तीच उत्तर दिशा धरली. सावलीच्या लांबीत फारसा फरक पडला नाही म्हणून चूक लक्षातच आली नाही, पण दिशा तब्बल ८ अंशांनी चुकली आणि त्यावर काढलेले गल्लीचे सगळे नकाशे तिरके गेले. मग मोबाईलच्या होकायंत्रानं दुरुस्त करायला गेले तर शेजारी स्लॅबच्या सळया रचलेल्या, सुई त्यांच्याकडे. अख्खा सीझन पाण्यात.

यावरचा उपाय शुल्बसूत्रांइतका जुना आहे. काठीभोवती खडूनं वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी खूण, दोन्ही जोडा, झाली पूर्व-पश्चिम रेषा. ना घड्याळ, ना होकायंत्र, ना सळयांची भीती. फक्त वर्तुळ मध्यान्हीच्या सावलीपेक्षा मोठं हवं, नाहीतर टोक आत शिरणारच नाही. आणि सावलीची कड कधीच रेघेसारखी मिळत नाही, सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे त्यामुळे डिसेंबरात एक मीटरच्या काठीला कड जवळजवळ २ सेंटीमीटर धूसर असते. ती धूसर पट्टी वहीत तशीच लिहा, तीच तुमची मोजमापाची मर्यादा, लपवू नका.

एकदा उज्जैनला वेधशाळेत जाऊन या, ५५ किलोमीटर तर आहे. तिथलं शंकू यंत्र म्हणजे तुमची हीच काठी, आणि सम्राट यंत्रावरची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळावरची, वेळ मनगटावरच्या घड्याळाशी का जुळत नाही हे उन्हात उभं राहून कळतं तसं पुस्तकातून कळत नाही. जून सोडून जा.

आता गल्लीत. समजा गल्ली पूर्व-पश्चिम आहे, ३ मीटर रुंद, आणि तुमच्या घराच्या दक्षिणेला समोरचं घर एकमजली, ३ मीटर उंच. डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली तुमच्या भिंतीवर टाचेएवढी, १२ सेंटीमीटर चढते, म्हणजे ऊन दारात. समोरच्यानं वर एक मजला टाकला, उंची ६ मीटर, की सावली तुमच्या भिंतीवर ३ मीटर १२ सेंटीमीटरपर्यंत. तळमजला संपला. हिशोब सोपा: समोरच्या भिंतीच्या उंचीतून गल्लीची रुंदी गुणिले ०.९६ वजा करा, उरलं तेवढा अंधार. गल्ली उत्तर-दक्षिण असेल तर मध्यान्हीला ऊन सरळ गल्लीतून येतं, तिथे हा हिशोब लावू नका.

आकडे काढून झाले की ओट्यावर बसा. एका मावशींना मी विचारलं ऊन किती वेळ असतं, त्यांनी उत्तरच दिलं नाही, उठून आत गेल्या आणि दाराच्या चौकटीवरच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या. दर हिवाळ्याला एक रेघ, पापडाची परात कुठवर ठेवता येते त्याची. चौथ्या रेघेनंतर रेघा नाहीत. "समोरच्या सुनेला वर खोली हवी होती बाई, तिला नाही कसं म्हणू, उद्या माझाही मुलगा वर बांधेलच की." ही ओळ माझ्या थिसिसमधल्या कुठल्याही आलेखापेक्षा जड आहे, कारण घर वाढवायचा हक्क दोघींचा आणि ऊन एकच.

आता कायदा, इथे विज्ञानवाल्यांची सगळ्यात जास्त फजिती होते. एडीएस किंवा आर्काइव्ह (arXiv) या साइटवर पेपर शोधायची सवय लागली की वाटतं निकालही तसाच वाचायचा, वरचा सारांश वाचला की झालं. नाही. १९९५ च्या डिसेंबरातला चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल इंडियन कानून या साइटवर उघडा. निवाऱ्याच्या हक्कात पुरेसा उजेड, शुद्ध हवा आणि पाणी येतं असं त्यात स्पष्ट आहे आणि मी ते वाचून खुर्चीतून उडालेच. मग पूर्ण वाचलं तर खटला दलितांच्या घरांसाठी सरकारनं घेतलेल्या जमिनीचा, आणि अपील करणारे जमीनमालक हरले. म्हणजे उजेडावरून तिथे कुणी भांडतच नव्हतं. हे वाक्य वापरा, जरूर वापरा, पण ते कुठल्या भांडणात आलंय ते सांगून. मुंबईच्या फुटपाथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला, १९८५, तसंच: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग, हे सगळे उद्धृत करतात, पण त्याच निकालात फुटपाथवरच्या झोपड्या पावसाळ्यानंतर काढायला परवानगी दिली होती हे निम्मे जण गाळतात.

दुसरी गल्लत म्हणजे सुखाधिकार, शेजारच्या जागेवरून मिळणाऱ्या सोयीचा हक्क. १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या कलम १५ मध्ये २० वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेडाचा हक्क आहे, पण तो शेजाऱ्याविरुद्धचा दिवाणी हक्क. मानवाधिकार म्हणजे मुख्यतः सरकारला विचारायचा प्रश्न: एवढी अरुंद गल्ली आखून वर मजल्याची मुभा कुणी दिली? त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीची १९९१ ची जनरल कमेंट नंबर ४ वाचा, पुरेशा घराच्या व्याख्येत तिथेही उजेड आणि हवा आहे, आणि ती कमेंट ज्या आंतरराष्ट्रीय करारावर आहे तो भारतानं १९७९ मध्येच स्वीकारलाय.

आर्किटेक्चरसाठी आर्कनेट या साइटवर अरण्यची ड्रॉइंग आणि पुरस्काराच्या वेळचा पाहणी अहवाल फुकट मिळतो. पण ड्रॉइंगमधलं घर वेगळं आणि तुमच्यासमोरचं वाढलेलं घर वेगळं, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा. जुने थिसिस शोधगंगावर. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, याहून जास्त सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका. तुम्ही उंच भिंतीचा फोटो काढता, घर नंबर लिहिता, मजले मोजता, आणि तो मजला बिनपरवानगीचा असेल तर तुमची वही म्हणजे पाडापाडीची यादी होते. मानवाधिकारावर काम करताना लोकांच्या डोक्यावरचं छप्पर काढायची सोय आपणच करून ठेवायची म्हणजे कमालच. मी घरांना फळांची नावं दिली, नकाशा गल्लीच्या आकारावरून ओळखू येणार नाही असा फिरवला, फोटोत फक्त सावली. परवानगी कागदावर घ्या, पण आधी चहा घ्या, आणि आकडे छापायच्या आधी त्याच ओट्यावर वाचून दाखवा. मावशींनी माझं गणित ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, परात मी आता गच्चीवर नेते, तेही लिही.