स्मरणशक्तीच्या नव्या औषधाची बातमी कशी पारखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावी) परीक्षा जवळ आल्या की अनेक पालक औषध दुकानात स्मरणशक्तीच्या गोळीची चौकशी करतात. आणि ज्या घरात आजोबांना नातवंडांची नावे आठवेनाशी झाली आहेत, तिथे परदेशातील नव्या औषधाची बातमी मोठ्या आशेने एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जाते. असे प्रायोगिक औषध मंजूर होण्याची शक्यता कितपत आहे, हे सामान्य वाचकालाही बऱ्याच अंशी तपासता येते.

सर्वप्रथम हे औषध कोणत्या आजारासाठी आहे ते पाहावे. मंजुरी मिळते ती ठरावीक आजारावरील उपचारासाठी, आणि निरोगी मुलाला अधिक गुण मिळावेत ही इच्छा आजारात मोडत नाही. जागे ठेवणाऱ्या मोडाफिनिल या औषधाला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली ती दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारासाठी. आपल्याकडे तर 1945 च्या औषध नियमांतील अनुसूची 'जे'मध्ये, म्हणजे ज्यांचा दावा करण्यास मनाई आहे अशा गोष्टींच्या यादीत, मेंदूची क्षमता वाढवणे आणि स्मरणशक्ती सुधारणे यांची नोंदच आहे, त्यामुळे तसा दावा औषधाला करता येत नाही. त्यामुळे 'विद्यार्थ्यांसाठी लवकरच मंजुरी' असे कोणी सांगत असेल, तर ती बातमी तिथेच बाजूला ठेवावी.

औषध स्मृतिभ्रंशासाठी असेल, तर चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे. पहिल्या टप्प्यात प्रामुख्याने सुरक्षितता आणि मात्रा पाहतात, दुसऱ्यात परिणामाची चुणूक दिसते, आणि तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्णांवर खरी कसोटी लागते. अनेक आशा याच तिसऱ्या टप्प्यावर मावळतात. लॅट्रेपिर्डिन हे रशियातील जुने ॲलर्जीचे औषध; 183 रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले, पण 2010 मध्ये तिसऱ्या टप्प्यात ते निष्प्रभ ठरले. इंटेपिर्डिनचेही 2017 मध्ये तसेच झाले. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या यशावर घरातील कोणताही निर्णय बेतू नये.

तिसरा टप्पा पार पडला तरी फरक किती पडला, हा आकडा शोधावाच. स्मृतिभ्रंशावरील लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीत सुमारे 1,800 रुग्ण होते; 18 महिन्यांनंतर, स्मृती आणि दैनंदिन व्यवहार मोजणाऱ्या 18 गुणांच्या मापनपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातील अंतर 0.45 गुणांचे होते. ऱ्हास थोडा मंदावला, गेलेली स्मृती परत आली नाही; शिवाय मेंदूला सूज येण्याचा किंवा त्यात रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. तरीही 2023 मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे, हे रुग्णाच्या मुलांनी समजून घेणे मला अत्यंत गरजेचे वाटते. त्याच आजारावरील ॲड्युकॅनुमॅब या औषधाला तर अमेरिकेत तज्ज्ञ समितीचा विरोध असताना 2021 मध्ये मान्यता मिळाली आणि 2024 च्या जानेवारीत कंपनीनेच ते थांबवत असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेतील मान्यता आपोआप भारताला लागू होत नाही. इथे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची स्वतंत्र परवानगी लागते. मात्र 2024 च्या ऑगस्टपासून, अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मंजूर असलेल्या आणि प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस ठरणाऱ्या औषधांना भारतातील चाचणीतून सूट मिळू शकते. हा मार्ग खुला झाल्याने प्रतीक्षा कमी होऊ शकते; किंमत मात्र वेगळा प्रश्न आहे.

भारतात चाचणी चालू आहे का, हे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. औषधाचे मूळ रासायनिक नाव टाकून शोधावे, नंतर चाचणी केंद्रांच्या यादीत आपले शहर पाहावे. ते कुठे 'बेळगाव' तर कुठे 'बेळगावी' असे लिहिलेले असू शकते, म्हणून दोन्ही रूपे तपासावीत.

घरच्या माणसाला चाचणीत सहभागी करून घेण्याचा प्रस्ताव आला, तर नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मान्यता आधी मागावी. संमतिपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत देणे नियमानुसार बंधनकारक आहे. ते कन्नड किंवा इंग्रजीत पुढे आले, तर मराठी प्रत मिळेपर्यंत सही करू नये. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार, हेही त्या प्रतीत लिहिलेले असते, आणि ते कलम डॉक्टरांसमोर बसून मोठ्याने वाचून घ्यावे.