अमेरिकेच्या ऊर्जा आयोगाकडे नियमाच्या मसुद्यावर म्हणणे कसे मांडावे

फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनने, म्हणजे फर्कने, आंतरराज्य वीजवहनाबद्दल नवा नियम सुचवला की आधी डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा नोंद क्रमांक, शोधा. नियम बनवण्याच्या प्रकरणांचा क्रमांक ‘आरएम’ने सुरू होतो. त्यासाठी ई-सबस्क्रिप्शन घ्या. प्रत्येक नवा कागद ईमेलने कळतो.

मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राजपत्रात, छापून येतो. म्हणणे मांडण्याची मुदत बहुधा त्या छपाईच्या तारखेपासून मोजतात, आयोगाच्या बैठकीपासून नव्हे. दिवस चुकतात ते इथेच. ई-फायलिंगची, म्हणजे ऑनलाइन कागद दाखल करण्यासाठीची, नोंदणी आधीच करून ठेवा. वॉशिंग्टनच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ नंतर पाठवलेला कागद पुढच्या कामकाजाच्या दिवशी दाखल झाला असे धरतात.

मसुद्यातला परिच्छेद क्रमांक द्या, कोणते वाक्य खटकते ते सांगा आणि पर्यायी शब्दरचना लिहून द्या. खर्चाचे आकडे दिलेत तर हिशेबही जोडा. १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यामुळे महत्त्वाच्या मुद्द्यांना आयोगाला उत्तर द्यावेच लागते. एकाच साच्यातल्या शंभर पत्रांना मात्र एकच उत्तर पुरते.

अंतिम आदेश जाचक वाटला तर ३० दिवसांत फेरसुनावणीचा अर्ज करा. ही मुदत कायद्यातच आहे, आयोग ती वाढवू शकत नाही. अर्जात सगळे मुद्दे घाला. राहिलेला मुद्दा पुढे अपील न्यायालयात सहसा मांडता येत नाही.