सोसायटीतल्या मांजरांची काळजी घेताय? या चुका टाळा

‘मांजरं फार झाली’ अशी तक्रार सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघाली की उपाय ठरलेला: गोणीत घाला आणि मासळी बाजारात नेऊन सोडा. तिथे खायला मिळेल, अशी मनाची समजूतही घातली जाते. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. बाजारातले बोके नव्या मांजराला टिकू देत नाहीत. परतीची वाट शोधताना ते गाडीखाली येऊ शकतं. इकडे कचरा, उंदीर, आडोसा तसाच असतो, म्हणून शेजारची मांजरं मोकळ्या जागेत येतात, तीही नसबंदी न झालेली.

संख्या आटोक्यात येते ती नसबंदीनेच. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहते. ‘एक वेत होऊ दे, मग बघू’ म्हणेपर्यंत दोन वेतं झालेली असतात.

नसबंदीसाठी पकडायला लावलेल्या पिंजऱ्यात मांजर येत नसेल तर आधी बघा, त्याचं पोट भरलेलं तर नाही ना. माझ्या दोन सकाळी अशाच वाया गेल्या. मी वाडगा ठेवला नव्हता, पण वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मायेने दूधभात घातला होता. खाऊ घालणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा. मोठ्या मांजराचं खाणं आदल्या रात्रीपासून बंद, पाणी चालू. आमिषाला सुके बोंबील भाजून ठेवा, वास लांबवर जातो. दार पडलं की लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते, नाहीतर मांजर जाळीवर तोंड आपटून रक्तबंबाळ होतं. हाताने धरून पिशवीत कोंबू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा.

भूल उतरण्याआधी डॉक्टर कानाचं टोक कापतात. ‘बिचारीचा कान कशाला’ म्हणून नको म्हणू नका. नसबंदी झाल्याची ही खूण नसेल तर तीच भाटी पुन्हा पकडली जाते, पुन्हा टेबलावर जाते.

एकटी दिसलेली पिल्लं लगेच उचलू नका. आई बहुधा खाणं शोधायला गेलेली असते. पिल्लं जखमी किंवा गारठलेली नसतील तर दोन-तीन तास लांबून बघा. भोवती थोडं पीठ भुरभुरवून ठेवा, आई येऊन गेली तर पावलं उमटतात. गाईचं दूध नको. त्याने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाहीत. गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध, तेही मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं.

पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध आणि फिनेलही दूर ठेवा.

मांजरांना खाऊ घालण्यावरून सोसायटीत भांडण होत असेल तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा आधार घ्या. आवारातल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची सोय लावणं ही रहिवासी संघाची जबाबदारी आहे. आपणही जागा आणि वेळ ठरवून पाळावी, उरलेलं अर्ध्या तासात उचलावं. घाणीची तक्रार असेल तर मागच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग टाका, मांजरं कुंड्या सोडून तिकडे जातात. पावसात ती गाडीच्या बॉनेटखाली ऊब शोधतात, म्हणून सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि क्षणभर थांबा.