कढीपत्ता पोटात जावा म्हणून

कढीपत्ता आपण हौसेने फोडणीत घालतो आणि जेवताना तेच पान ताटाच्या कडेला काढून ठेवतो. तेलात उतरलेला स्वाद तेवढा आपल्या वाट्याला येतो. तंतू, कॅल्शियम आणि बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) यांचा बराचसा भाग खरकट्यात जातो. मिरची-कोथिंबिरीबरोबर भाजीवाली फुकट देते, म्हणूनही कदाचित त्याची किंमत राहत नसावी.

ताजे पान उजेडासमोर धरले, तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. या तैलग्रंथी होत. लिंबाच्या पानातही त्या असतात, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. पान फाटले की ग्रंथी फुटून वास मोकळा होतो, त्यामुळे पाने हातानेच तोडून घालावीत. महानिंबीन, गिरिनिंबीन यांसारखी कार्बाझोल गटातील अल्कलॉइडे (वनस्पतींत तयार होणारी नायट्रोजनयुक्त संयुगे) ही या झाडाची खासियत आहे. ती आणि बीटा-कॅरोटीन पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात कितीतरी सहज विरघळतात. म्हणूनच सकाळी पाने उकळून नुसते पाणी पिण्यापेक्षा साधी फोडणी अधिक उपयोगाची ठरते. मोहरी तडतडल्यावर आच मंद करावी, हिंगामागोमाग कोरडी केलेली पाने घालून लगेच झाकण ठेवावे आणि पाने काळी पडण्यापूर्वी भाजी किंवा वरण त्यावर ओतावे.

प्राण्यांवरील प्रयोगांत कढीपत्त्याच्या अर्कामुळे रक्तातील साखर उतरल्याचे आढळले आहे. परंतु तेवढ्यावरून मधुमेहाच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

पान चावून खाणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी चटणी हा उत्तम उपाय आहे. दोन वाट्या पाने धुऊन पंचावर पसरावीत व सावलीतच वाळवावीत, कारण उन्हात रंगाबरोबर कॅरोटीनही घटते. नंतर दोन चमचे तेलात, अगदी मंद आचेवर, पान चिमटीत धरताच त्याचा चुरा होईपर्यंत परतावीत. इथे घाई केली, तर चटणी दोन दिवसांत ओलसर होते. पाव वाटी तीळ, तेवढेच सुके खोबरे आणि चार सुक्या मिरच्या वेगवेगळ्या भाजून, सर्व गार झाल्यावरच मीठ घालून जाडसर वाटावे. भाकरीबरोबर खाताना चटणीवर चमचाभर कच्चे तेल घ्यावे.