खतना झालेल्या बाईचं बाळंतपण: इंग्लंडला मिडवाइफ म्हणून येणाऱ्या मैत्रिणींसाठी

इथे कामाला लागले तेव्हा सोमालिया, सुदान, एरिट्रियाच्या, खतना झालेल्या, म्हणजे लहानपणी बाहेरच्या जननेंद्रियाचा भाग कापलेल्या बायका क्लिनिकला यायच्या आणि लक्षात आलं की आमच्या ट्रेनिंगमध्ये हा विषय कुणी काढलाच नव्हता. तसं हे आपल्यापासून लांबचं नाही, मुंबईतल्या दाऊदी बोहरा समाजात मुलींच्या खतन्याची प्रथा आहे, फक्त तो बहुतेक वेळा डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) वर्गवारीत टाइप १ मध्ये मोडतो, म्हणजे क्लिटोरिसचा किंवा त्यावरच्या कातडीचा भाग कापलेला. बाळंतपणात खरी पंचाईत होते टाइप ३ ला, म्हणजे कापून दोन्ही कडा जोडलेल्या आणि पुढे एवढंसं भोक.

पहिल्याच अपॉइंटमेंटला विचारा, आणि सगळ्यांना विचारा, नाव किंवा बुरखा बघून नाही. खतना हा शब्द तिचा नसतो, सोमाली बायका गुडनीन म्हणतात, मी सरळ विचारते की लहानपणी खाली कापलं होतं का, शिवलं होतं का. तरी गप्प बसली तर विचारायचं, लघवीला किती वेळ लागतो? एक जण म्हणाली, सगळ्यांना लागतो तेवढाच, पंधरा मिनिटं. थेंब थेंब. धार म्हणजे काय ते तिला ठाऊकच नव्हतं. पोटात कालवलं माझ्या, पण तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, कारण तपासताना कुणीतरी "अरे देवा" केलेलं या बायका जन्मभर विसरत नाहीत. दुभाषी हॉस्पिटलचाच घ्या, नवरा नको, नणंद तर नकोच.

बघायच्या आधी परवानगी घ्या आणि ती थांब म्हणाली की हात मागे, काहींना त्या टेबलावर झोपल्या झोपल्या सातव्या वर्षीचं सगळं परत दिसायला लागतं. रक्त काढताना एचआयव्ही, हेपॅटायटिस बी सोबत सी पण ऑफर करा.

टाइप ३ असेल तर तो भाग उघडावा लागतो, डीइन्फिब्युलेशन म्हणतात. शक्यतो दिवस भरायच्या बरंच आधी, साधारण २० आठवड्यांच्या आसपास, नाहीतर कळा सुरू झाल्यावर. हे शिकलेल्या हातानेच करायचं, तुम्ही शिकला नसाल तर सीनियरला बोलवा, त्यात कमीपणा नाही. भूल नीट द्यायची, जोडलेल्या कातडीखाली बोट सरकवायचं म्हणजे आतलं काही कापलं जात नाही, मग मधोमध वरच्या बाजूला चीर, मूत्रमार्गाचं तोंड दिसलं की बास, त्याच्या वर गेलात तर रक्त थांबत नाही. कडा वेगवेगळ्या शिवायच्या, विरघळणाऱ्या टाक्यांनी. आणि तिला आधीच सांगून ठेवा की आता लघवीला धार येईल, आवाज येईल, नाहीतर घरी गेल्यावर घाबरते बिचारी.

लेबर वॉर्डला तशीच न उघडलेली आली तर पीव्ही (आतून बोटांनी तपासणी) होत नाही, लघवीची नळी (कॅथेटर) जात नाही, म्हणून कळांच्या पहिल्या टप्प्यातच ठरवा, एपिड्यूरल (पाठीतून भूल) हवी का विचारा. खाली नुसती एपिसिओटॉमी (योनीच्या तोंडाला खालून दिलेली चीर) देऊन भागत नाही, वरची चीर वेगळी, आणि व्रण ताणलाच जात नसेल तर एपिसिओटॉमीही लागू शकते. पण खतना आहे म्हणून थेट सिझेरियन हे चूक. रक्तस्रावाची तयारी मात्र ठेवा, डब्ल्यूएचओने २००६ मध्ये सहा आफ्रिकन देशांतल्या २८,००० हून जास्त बायकांचा अभ्यास छापला त्यात खतना जितका मोठा तितका हा धोका वाढलेला दिसला.

झाल्यावर "परत शिवून द्या" म्हणतात काही जणी, रागवू नका, तिला तेच नॉर्मल वाटतं. खतन्याविरुद्धच्या २००३ च्या कायद्याने इथे ते करता येत नाही, पण हे तिला गरोदरपणातच, नवऱ्यालाही बसवून सांगितलेलं बरं. मुलगी झाली तर तिच्याबद्दल बोलणं टाळू नका, घरी मोठ्या मुली आहेत का तेही विचारा. १८ च्या आतल्या मुलीचा खतना झालाय असं तिने स्वतः सांगितलं किंवा तुम्हाला दिसलं तर पोलिसांना कळवणं ऑक्टोबर २०१५ पासून आपल्यावर बंधनकारक आहे, समोरच्या मोठ्या बाईसाठी तो नियम नाही, तिला हे स्पष्ट सांगा, म्हणजे ती बोलेल.

आणि फाइलमध्ये टाइप, चीर कधी दिली, टाके कसे घेतले ते चित्र काढून लिहा, पुढच्या शिफ्टच्या मुलीने तिला परत पहिल्यापासून विचारायला नको.