न्यू जर्सीतला अंत्यविधी : फ्युनरल होमशी काय ठरवायचं, काय लिहून घ्यायचं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात परवानाधारक फ्युनरल डायरेक्टरशिवाय, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यावसायिकाशिवाय, अंत्यविधी करता येत नाही. तो जिथून हे काम करतो ते फ्युनरल होम. मृत्यूची नोंद, दहनाचा परवाना, पार्थिव नेणं-आणणं हे सगळं त्याच्यामार्फतच होतं. एकाच कुटुंबाने चालवलेल्या फ्युनरल होमचा फायदा असा की फोन उचलणारा, पार्थिव न्यायला येणारा आणि हिशेब करणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याला एकदा नीट सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पण त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी समजून घ्या. या राज्यात दहनगृहं दफनभूमीच्या आवारात असतात आणि दफनभूमी चालवणाऱ्या संस्थेला फ्युनरल होम चालवता येत नाही. म्हणजे जागा दोन, मालक दोन, नियमही दोन. अंघोळ, वस्त्रं, मंत्र, दर्शन हे फ्युनरल होमच्या खोलीत होतं आणि तिथे मालक हवी तेवढी सूट देऊ शकतो. दहनगृहात त्याचं काही चालत नाही. ‘तुमच्याकडे दिवा चालेल का?’ हा प्रश्न म्हणूनच दोन्ही ठिकाणांसाठी वेगवेगळा विचारायचा.

पाटीवर आडनाव आहे म्हणजे दुकान त्या घराण्याचंच आहे असंही नाही. ह्यूस्टनच्या सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनलसारख्या कंपन्या जुनी फ्युनरल होम्स विकत घेतात आणि नाव तेच ठेवतात. ‘सध्या मालक कोण?’ असं सरळ विचारावं, त्यात कुणाला राग येत नाही.

पहिले काही तास

माणूस हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषा-सेवेच्या, देखरेखीखाली घरीच गेला असेल तर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला नाही, हॉस्पिसच्या नर्सला फोन करा. ती येऊन मृत्यू घोषित करते आणि मग फ्युनरल होमला बोलावता येतं. हॉस्पिस नसेल तर मात्र ९११. रुग्णालयात मृत्यू झाला तर पार्थिव तिथल्या शवागारात राहतं, त्यामुळे नर्सने विचारल्या विचारल्या कुठलं तरी नाव सांगून टाकण्याची गरज नसते. दोन-तीन ठिकाणी भाव विचारायला वेळ असतो.

फोनवर भाव सांगणं १९८४पासून लागू असलेल्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘फ्युनरल रूल’ या नियमाप्रमाणे बंधनकारक आहे. समक्ष गेल्यावर बोलणी सुरू होताच छापील दरपत्रक हातात द्यावं लागतं. त्यातलं मूळ सेवाशुल्क टाळता येत नाही, बाकी बहुतेक बाबी निवडून घेता येतात. थेट दहनासाठी शवपेटी घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, पुठ्ठ्याची किंवा साध्या लाकडी फळ्यांची पेटी चालते. दर्शन ठेवायचं असेल तर भाड्याची पेटी विचारा. तिच्यात आतला भाग वेगळा असतो आणि पार्थिवाबरोबर तेवढाच दहनगृहात जातो. दहनगृहाचं शुल्क आणि दाखल्यांच्या प्रती हे पैसे फ्युनरल होम दुसऱ्याला देतं. ते बिलात वेगळे दाखवायला सांगा, नाहीतर दोन ठिकाणच्या भावांची तुलनाच होत नाही.

मृत्यूनंतर २४ तास झाल्याशिवाय इथे दहन करता येत नाही. त्यामुळे ‘आज रात्री गेले, उद्या सकाळी उरकू’ हे जमत नाही. उलट मुलगी पुण्याहून यायची असेल आणि चार दिवस थांबायचं असेल, तर शीतगृहात ठेवायला सांगा. शरीरात रसायनं भरण्याची, म्हणजे एम्बामिंगची, त्यासाठी गरज नाही. पार्थिव विमानाने भारतात न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एम्बामिंग लागतंच.

सही कुणाची

मृत व्यक्तीने कुणाला लेखी नेमलं नसेल तर पहिला हक्क पती किंवा पत्नीचा, त्यानंतर सज्ञान मुलांच्या बहुमताचा. तीन भावंडांपैकी दोघं भारतात असतील तर इथल्या एकाच्या सहीवर भागत नाही. भारतातल्यांची ईमेलने सही चालेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. शनिवारचं दहन सोमवारवर जातं ते बहुतेक वेळा अशा एका राहिलेल्या सहीमुळे.

खोलीत काय, भट्टीत काय

अंघोळ घालायची असेल तर किती जणांना आत येता येईल, गरम पाणी मिळेल का, पार्थिव उचलायला माणूस असेल का, हे ठरवून घ्या. शवविच्छेदन झालं असेल तर अंघोळीऐवजी नुसतं गंगाजल शिंपडणं बरं. नऊवारी नेसवायची असेल तर तसं आधी सांगा, कारण ताठरलेल्या शरीराला ती नेसवणं वेळखाऊ असतं आणि जाणती बाई बरोबर हवी. उदबत्ती किंवा कापूर पेटवला की धुराचा अलार्म वाजतो. एक समई बहुतेक जण चालवून घेतात, होम-हवन नाही.

पिंड घरून डब्यात करून न्या. काळे तीळ, दर्भ, तुळस, पळी-पंचपात्र, सुटी फुलं हेही. मडकं फोडायचा विधी बाहेर, पार्किंगमध्ये किंवा शववाहिनीच्या मागे उरकता येतो. खापऱ्या गोळा करायला पिशवी आणि झाडू ठेवा. अश्मा, म्हणजे मडकं फोडायचा दगड, मात्र एकाच माणसाच्या खिशात, फडक्यात बांधून राहू द्या, नाहीतर आवराआवरीत कुणीतरी तो साधा दगड समजून टाकून देतं.

भट्टीचं तापमान साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सिअस असतं, म्हणून आत काय जातं याला महत्त्व आहे. सवाष्ण असेल तर ओटी भरली जाते. त्यातला नारळ दहनापूर्वी काढून घ्या, आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. काचेच्या बांगड्या वितळून भट्टीच्या तळाला चिकटतात. तूप दोन-चार चमचे ठीक, डबाभर ओतलं तर भडका उडतो. आणि पेसमेकर असेल तर तो डायरेक्टरला सांगायलाच हवा. त्याची बॅटरी आत स्फोटासारखी फुटते, म्हणून दहनाआधी काढावा लागतो.

थोरल्या मुलाने बटण दाबायचं असेल तर ते साक्षीदहन, म्हणजे घरच्यांसमोर होणारं दहन, म्हणून वेगळं आरक्षित करावं लागतं. आत किती जण, शनिवारी जादा शुल्क किती, रविवारी दहनगृह उघडं असतं का, याची उत्तरं मिळाल्यावरच गुरुजींना वेळ द्या.

दहनाला दोन-तीन तास लागतात. त्यानंतर अस्थी यंत्रात दळून पूड केली जाते. आपल्याकडच्यासारखे अस्थींचे तुकडे हवे असतील तर ‘दळू नका’ हे दहनाच्या संमतिपत्रावरच लिहावं लागतं, आणि सगळीच दहनगृहं ते मान्य करत नाहीत. दशक्रियेला अस्थी हव्या असतील तर ती तारीखही सांगून ठेवा.

कलश धातूचा नको, लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. विमानतळावर एक्स-रेमधून आतलं दिसलं नाही तर तो पुढे जाऊ देत नाहीत, आणि तुम्ही विनंती केलीत तरी तिथला कर्मचारी तो उघडत नाही. भारतात नेताना मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय कॉन्सुलेटचं परवानगीपत्र हाताशी ठेवा. समुद्रात इथेच विसर्जन करायचं तर किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल दूर, आणि ३० दिवसांत पर्यावरण खात्याला, म्हणजे ईपीएला, कळवायचं.

दाखला

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. डायरेक्टर आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थळ विचारतो आणि थकलेल्या अवस्थेत लोक आठवेल ते सांगतात. मग पासपोर्टवर एक नाव, सोशल सिक्युरिटीकडे (सरकारी पेन्शन खात्याकडे) दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. पासपोर्ट समोर ठेवूनच उत्तरं द्या आणि नोंद पाठवण्यापूर्वी मसुदा वाचायला मागा. नंतर दुरुस्ती करून घ्यायला आठवडे जातात.

प्रमाणित प्रती ८ ते १० मागवा. बँक, विमा, ४०१के (नोकरीतलं निवृत्ती-बचत खातं), घर, प्रत्येकाला एकेक लागते. भारतातल्या मिळकतीसाठी प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन, लागतं, तेव्हा त्याला कुठल्या कार्यालयाची प्रत चालते ते मागवतानाच विचारा. सोशल सिक्युरिटीला मृत्यू सहसा फ्युनरल होमच कळवतं. पण पती-पत्नीला मिळणारी २५५ डॉलरची एकरकमी रक्कम आपोआप येईलच असं नाही. तिचा अर्ज २ वर्षांच्या आत करावा लागतो.